चित्र आलं की ठोका

धुळीची आंधी सोमवारी संध्याकाळी आली आणि थोड्या वेळात निघूनही गेली. गल्लीत कुणाचा पत्रा उडाला, कुणाच्या वाळत घातलेल्या साड्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर जाऊन पडल्या, आणि शरदिनीच्या घरातला टीव्ही बिघडला. आधी चित्राचे चौकोन चौकोन झाले. बातम्या सांगणाऱ्या बाईचे डोळे एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. मग चित्र थिजलं, आणि शेवटी निळ्या पडद्यावर नुसती पाटी राहिली, की सिग्नल मिळत नाही.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही फार मोठी गोष्ट झाली नसती. पण दुर्गाघाटाजवळच्या त्या अरुंद, उंच घरात टीव्हीवर बरंच काही अवलंबून होतं.

घरात माणसं दोनच. शरदिनी आणि तिचे यजमान मोहनराव. मोहनराव म्हणजे महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे गुरुजी. लोक आईबापांच्या अस्थी घेऊन यायचे, मोहनराव त्यांना घाटावर न्यायचे, पिंडदान करवायचे, घरी आणून जेवू घालायचे. आवाज असा की मणिकर्णिकेच्या गर्दीतही त्यांचा संकल्प वेगळा ऐकू यायचा. एकही अक्षर कधी घसरायचं नाही, आणि दुसऱ्याचं, घरी शिकायला येणाऱ्या वेदपाठशाळेतल्या मुलांचंही, घसरलं तर तिथल्या तिथे टोकायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी पहाटे स्नानाला निघताना त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले होते की बोलणं हळूहळू परत येईल, बोलतं ठेवा. शरदिनीने पहिले काही महिने जिवाचं रान केलं. पण मोहनरावांच्या तोंडून भलतेच शब्द यायचे. पाण्याला ते पायरी म्हणायचे, मुलाला पाट. होता होता त्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. काही हवं असलं की डाव्या हाताने काठी खाटेच्या लोखंडी पायावर आपटायचे.

त्या काठीने शरदिनीचा दिवस बांधून टाकला होता. ती स्वयंपाकघरात असो, न्हाणीघरात असो, खाली दुधवाल्याशी दोन शब्द बोलत असो, वरून ठक ठक आली की जायचं. पुष्कळदा जाऊन पाहिलं तर काहीच हवं नसायचं. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, पण गंगेवर जाऊन ती कधी बसली होती ते तिला आठवत नव्हतं. मिरजेला भावाच्या मुलीचं, तेजश्रीचं लग्न झालं, ते तिने फोनवर पाहिलं. सारखं झोपेतसुद्धा एक कान उघडा ठेवून तिचं डोकं जड झालं होतं.

काठी थांबायची ती टीव्ही चालू असताना. मुलाने, आदित्यने, हैदराबादहून पैसे भरून सगळे मराठी चॅनल घेऊन दिले होते. दुपारी जुनी नाटकं लागायची, कीर्तनं लागायची, कुठल्या कुठल्या गावच्या बातम्या लागायच्या. मोहनराव उशीला टेकून बघत राहायचे, आणि तेवढा वेळ शरदिनी स्वतःची असायची. त्या वेळात ती झोपायची नाहीसुद्धा. नुसती स्वयंपाकघरात पाटावर बसून राहायची.

सोमवारपासून ते बंद झालं आणि काठी दिवसभर सुरू झाली.

कस्टमर केअरला तिने मंगळवारीच फोन लावला होता. तिकडच्या मुलाने सांगितलं तसं सगळं केलं. सेट-टॉपचा डबा बंद करून चालू केला, मागची केबल काढून फुंकर मारून परत घट्ट बसवली, रिमोटवरून सिग्नल दाखवणारा पट्ट्यांचा पडदा उघडला. दोन पट्ट्या दिसत होत्या. वरची, स्ट्रेंथची, भरलेली. खालची, क्वालिटीची, साफ रिकामी. मुलगा म्हणाला, म्हणजे तार ठीक आहे, छतावरची छतरी, म्हणजे डिश, हलली आहे, मेकॅनिक पाठवतो. मेकॅनिक बुधवारी येणार होता, मग गुरुवारी. आंधीने अख्ख्या शहरातल्या छतऱ्या हलवल्या होत्या, आणि गल्ल्यांत शिडी घेऊन चालत यायला कुणी लवकर राजी होत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तिने परत फोन लावला. या वेळी एक मुलगी बोलली. नाव कस्तुरी म्हणाली. आवाज कोवळा होता पण घाईचा नव्हता. जवळचा मेकॅनिक कोण मोकळा आहे ते बघते, लाइनवर थांबा, असं म्हणून तिने फोनवर गाणं लावून दिलं. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो मोहनरावांच्या उशाशी चार्जरला लावलेला होता आणि स्पीकरवर होता. गाणं वाजत राहिलं. मोहनरावांनी काठी आपटली. शरदिनी समोरच उभी होती तरी आपटली.

तिच्या मनात आलं, नुसती हललीच आहे ना छतरी, मग आपणच हलवून बघू.

"अहो, मी वर जाऊन छतरी फिरवते," ती म्हणाली. "तुम्ही टीव्हीकडे बघत राहा. चित्र आलं की ठोका."

मोहनरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नाही.

त्या भागातल्या बऱ्याच छतांसारखं त्यांचं छतही माकडांमुळे जाळीत कोंडलेलं होतं. चारी बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी, आत पाण्याची टाकी आणि कपड्यांच्या दोऱ्या. जाळीच्या पलीकडे कठड्यापर्यंत एक उघडी पट्टी उरली होती आणि छतरी तिथे बसवलेली होती. पट्टीवर जायला जाळीचंच एक दार. माकडं पूर्वी ते दार उघडून आत यायची, म्हणून मोहनरावांनी चांगले असताना आतल्या बाजूला एक जड कडी बसवून घेतली होती. दार आपटलं की कडी आपोआप खाचेत पडायची. जाळी इतकी बारीक की माकडाचा पंजा आत जाऊ नये. बाहेर जाताना दाराला वीट लावायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शरदिनीनेही लावली.

बाहेर ऊन असं होतं की पायातल्या चपलेतून चटका बसत होता. भाजून काढणारी लू वाहत होती. छतरीकडे बघताच तिला दिसलं की तिचा एक पाय भिंतीतून सुटला आहे आणि ती खाली मान घातल्यासारखी कलली आहे. तिने पदराने हात झाकून कडा धरली आणि छतरी वर उचलली. खालून काही नाही. थोडी डावीकडे. काही नाही. दक्षिणेला विश्वेश्वरच्या घराची नवी भिंत होती. विश्वेश्वर हा मोहनरावांचा चुलत भाऊ. त्याने यात्रेकरूंसाठी खोल्या काढताना वर आणखी एक मजला चढवला, मोहनरावांच्या घराचं अर्धं आकाश त्यात गेलं आणि दोन घरांचं बोलणं थांबलं. लकवा मारला तेव्हा विश्वेश्वरची बायको अन्नपूर्णा जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. शरदिनीने डबा घेतला नाही. तेव्हापासून ती दोघं यांच्या दारात आली नव्हती.

भिंतीच्या वरून दिसणाऱ्या आकाशाकडे तिने छतरी वळवली. खालून ठक असा आवाज आला. ती थांबली. परत ठक, स्पष्ट. चित्र आलं होतं.

पण हात सोडला की छतरी कलत होती. एका हाताने ती धरून तिने इकडेतिकडे पाहिलं. सुटलेल्या पायाखाली काहीतरी सरकवायला हवं होतं. जवळ एकच वस्तू होती. तिने पाय लांब करून दाराची वीट स्वतःकडे ओढली आणि छतरीखाली दाबून बसवली. छतरी स्थिर झाली. खालून पुन्हा एकदा ठक आली, खुशीत असल्यासारखी. शरदिनीला हसू फुटलं आणि त्याच वेळी मागे दार धाडकन आपटलं.

कडी पडल्याचा आवाज तिने ऐकला. तरीही जाऊन दार ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, खांद्याने धक्का दिला. जाळीतून बोट घालून पाहिलं, नखापुढे जाईना. केसातली पिन काढून आत घातली, ती कडीपर्यंत पोचली पण वाकली आणि पलीकडे पडली.

तिने जिन्याच्या दिशेने तोंड करून हाक मारली. "अहो! दार लागलंय! मी बाहेर अडकलेय!"

खालून काठीचे आवाज आले. एकामागून एक, वेडेवाकडे. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. पण ऐकून ते काय करणार होते? त्यांना उठून बसायलासुद्धा तिचा हात लागत होता. घराच्या खालच्या दाराला आतून अडसर होता, त्यामुळे कुणी आलं असतं तरी आत येऊ शकलं नसतं. फोन खाली होता. आणि आदित्य तर रविवारखेरीज फोन करत नसे.

ती कठड्यावरून वाकली. गल्ली खोल खाली होती, निर्मनुष्य. तिने दोन हाका मारल्या. प्रत्येक खिडकी बंद होती, आणि विश्वेश्वरच्या मजल्यावर एसीचे डबे भिंतीला टांगलेले एकसारखे घुरघुरत होते. तिचा आवाज त्या घुरघुरीत विरून गेला. पलीकडच्या कठड्यावर बसलेल्या माकडाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

खालची काठी थांबली.

विश्वेश्वरच्या भिंतीची हातभर सावली पट्टीवर पडली होती. शरदिनी तिथे पाय पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ लावून बसली. घशाला कोरड पडली होती. तिला वाटलं, आता परत ओरडायला हवं. पण ती ओरडली नाही.

असं का झालं ते तिला नंतरही कुणाला सांगता आलं नाही. आता खालून आवाज येत नव्हता. कुणी तिला बोलवू शकत नव्हतं, आणि बोलावलं तरी तिला जाता येत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. कठड्याच्या फटीतून गंगेचा एक तुकडा दिसत होता. त्यापलीकडे वाळू आणि दूर धुरकट उजेडात रामनगरची बाजू. एक नाव मधोमध जवळजवळ थांबलेली होती. ती नावेकडे बघत राहिली. तिला वाटलं, ही कडी कुणी उघडलीच नाही तर? या विचाराची तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही, उलट अंग सैल पडल्यासारखं झालं. पाठीवरून कुणी ओझं काढून खाली ठेवावं तसं. ती तशीच बसून राहिली आणि मग तिला रडू आलं. तेही तिने आवाज न करता आटोपलं, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

सावली सरकत गेली आणि ऊन तिच्या पायांवर आलं. तेव्हा ती भानावर आली. काठी केव्हाची थांबली होती. इतका वेळ गप्प राहणारे ते नव्हते.

ती उठून जाळीला बिलगली. "अहो!" तिने हाक मारली. "अहो, ऐकताय ना? ठोका एकदा."

काही नाही.

ते उठायला गेले असतील, खाटेवरून पडले असतील, डोकं कशावर आपटलं असेल, हे सगळं तिला एका क्षणात डोळ्यांपुढे दिसलं. आपण इथे मजेत बसलो होतो आणि खाली माणूस जमिनीवर पडला आहे. ती आता खरोखर ओरडायला लागली. छतरीच्या पायाखालची वीट उपसून तिने ती जाळीच्या चौकटीवर हाणली. छतरी पुन्हा कलली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. वीट फुटली, तुकडे झाले. जाळी जराही वाकली नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराला तिने नाव घेऊन हाक मारली, फक्त एक घर सोडून. आणि शेवटी, सगळी नावं संपल्यावर, ती त्या उंच भिंतीकडे वळली.

"अन्नपूर्णा! अगं अन्नपूर्णा!"

एसी घुरघुरत राहिले. तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. घसा बसला, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. आता भिंतीची सावली उरली नव्हती, म्हणून ती छतरीच्या तबकडीखाली डोकं घालून बसली.

तिला भिंतीच्या वर एक डोकं दिसलं तेव्हा आधी खरं वाटलं नाही. अन्नपूर्णा होती. पदर घामाने चिकटलेला, धापा टाकत होती.

"वहिनी, आदित्यचा फोन आला होता," ती वरून म्हणाली. "थांबा, हे शिडी आणतायत. आधी पाणी घ्या."

पाण्याची बाटली दोरीला बांधून खाली आली. शरदिनीने अर्धी प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली. आदित्यला कसं कळलं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिने एवढंच सांगितलं की खाली हे एकटे आहेत, आवाज येत नाही, लवकर करा.

विश्वेश्वर बांबूची शिडी सोडून उतरला. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, एकेक पायरी पायाने चाचपत होता. त्याने शरदिनीकडे नीट पाहिलंही नाही. तार कापायच्या पकडीने जाळीचं एक भोक हात जाईल एवढं मोठं केलं, हात घालून कडी उचलली. तारांनी मनगट सोलवटलं. दार उघडताच शरदिनी त्याला मागे टाकून जिन्याकडे धावली.

जिना उभा, अंधारा आणि अरुंद होता. अर्ध्यावर येऊन ती थबकली. घरात कुणीतरी पुरुष बोलत होता. घोगरा, अडखळता आवाज. एक शब्द यायचा, मग लांब श्वास, मग पुढचा शब्द. बोलणं हिंदीत होतं. आतून अडसर असलेल्या घरात हा कोण माणूस शिरला, असं तिला वाटलं, आणि मग तिच्या हाताखालची भिंत हलल्यासारखी झाली.

तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

"आ गई," मोहनराव म्हणत होते. "पैर... पैर की आवाज़... आ गई, बेटा."

ते खाटेवरच होते. एका कुशीवर, फोनला तोंड जवळजवळ लावून. घामाने उशी भिजली होती. टीव्हीचा पडदा पुन्हा निळा झाला होता आणि ते तिकडे बघतही नव्हते. शरदिनी दारात उभी राहिली तसे ते गप्प झाले. चोरी करताना कुणी सापडावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं.

फोनमधून कस्तुरी विचारत होती, आंटी आल्या का, बऱ्या आहेत का. शरदिनीने फोन उचलला. ती मुलगी खूप भरभर बोलली, आणि मागाहून शरदिनीला ते सगळं तुकड्या तुकड्यांनी जुळवावं लागलं. मेकॅनिकचं नाव बघून ती लाइनवर परत आली तेव्हा कुणी बोलेना, नुसता काठीचा आवाज येत होता. ती फोन ठेवणार होती. मग कुणीतरी छत म्हणालं. मग बंद. तिने एक एक विचारायला सुरुवात केली. छतावर कुणी आहे का? कोण आहे? दार बंद झालं का? अंकल चुकीचं बोलायचे, मग स्वतःच नाही नाही म्हणायचे, मग दुसरा शब्द शोधायचे. ती थांबून राहायची. मधेच तिच्या वरच्यांनी टोकलं तेव्हा तिने फोन ठेवून पुन्हा लावला. खात्यावर आदित्यचा नंबर होता. शेवटी तिने त्याला कळवलं.

"मग लगेच का नाही कळवलंस गं?" शरदिनीने तिला हिंदीत विचारलं. रागाने नाही. पाय अजून भाजत होते म्हणून.

पलीकडे तिने आवाज खाली केला.

"मैं तो तभी कर रही थी," ती म्हणाली. "अंकल ने रोका. बोले, चिल्ला नहीं रही है, बैठी है। थोड़ा बैठने दो उसको। फिर जब आप चिल्लाईं तब बोले, अब बुलाओ।"

शरदिनीने तिचे आभार मानले आणि फोन खाली ठेवला. विश्वेश्वर आणि त्याच्यामागून शिडीने उतरलेली अन्नपूर्णा मागे दारात येऊन उभे होते. अन्नपूर्णेने पाहुण्याच्या घरी असल्यासारखं विचारलं की चहा टाकू का, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघराकडे गेली. विश्वेश्वर मनगटाचं रक्त रुमालाने पुसत तिच्या मागे गेला.

शरदिनी खाटेच्या कडेला बसली.

"तुम्हाला बोलता येतं," ती म्हणाली.

मोहनराव भिंतीकडे वळू लागले. तिने त्यांचा खांदा धरला आणि वळू दिलं नाही. असं तिने आजवर केलं नव्हतं.

"दोन वर्षं मी या घरात भिंतींशी बोलतेय. एक शब्द नाही. आणि त्या कुठल्या मुलीशी, तिचं तोंड पाहिलं नाही, तिच्याशी तासभर बोललात. माझ्याशी का नाही?"

त्यांचे ओठ हलले. शब्द तोंडाशी येऊन अडकत होता ते दिसत होतं. सवयीने तिच्या जिभेवर दोन-तीन शब्द तयार झाले, त्यांना काय म्हणायचं असेल ते. ते तिने उच्चारले नाहीत, कारण त्यांनी डावा हात उचलून तिच्या तोंडापुढे धरला होता.

"तू," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "तू... दुरुस्त... करतेस."

शरदिनीने त्यांचा खांदा सोडला.

"पहिल्या... पहिल्या शब्दाला. लगेच." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लकवा झाल्यापासून ते सहज वाहायचं, पण हे तसं नव्हतं. "मी... पोरांना... करायचो. तसं."

वेदपाठशाळेतली मुलं तिला आठवली. एक स्वर चुकला की मोहनराव मांडीवर थाप मारून थांबवायचे, आणि मुलाला सुरुवातीपासून सगळं पुन्हा म्हणावं लागायचं. घरात बसून तिने ती थाप वर्षानुवर्षं ऐकली होती. तीच तिने त्यांच्यावर उगारली होती, प्रेमाने, काळजीने, रोज. पायरी नाही हो, पाणी. पाट नाही, आदित्य. म्हणा, आदित्य. पुन्हा म्हणा.

तिला त्यांचा राग आला होता आणि तो अजून गेला नव्हता. त्यात आता दुसरंही काहीतरी मिसळलं. ती काठीला बांधली गेली होती हे खरं होतं. पण काठीपलीकडचा माणूसही कुठेतरी कोंडलेला होता, आणि त्या दाराची कडी तिच्याच हाताने पडली होती.

"मी वर बसले होते ते तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

त्यांनी कानाला बोट लावलं. मग हसण्यासारखं काहीतरी केलं. "थकलीस," ते म्हणाले. एवढा एक शब्द मात्र साफ आला.

अन्नपूर्णेने चहा आणला. चौघांनी तो त्याच खोलीत प्यायला. मोहनरावांना शरदिनीने बशीतून पाजला. विश्वेश्वर भिंतीविषयी काही बोलायला गेला आणि अन्नपूर्णेने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प बसला. निघताना ती एवढंच म्हणाली की रोज दुपारी ती थोडा वेळ मोकळी असते. शरदिनी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मेकॅनिक रविवारी आला. त्याने छतरी उंच पाइपवर चढवली, म्हणजे भिंत आडवी येणार नाही, आणि पाइप जाळीच्या आत, टाकीशेजारी रोवून वरच्या जाळीतून बाहेर काढला. क्वालिटीची पट्टी भरली, चित्र स्वच्छ आलं. जोराचा वारा सुटला की अजूनही चौकोन येतात, पण आपोआप जातात.

घर तेच राहिलं. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत मोहनरावांना आजही तिलाच न्यावं लागतं, आणि मिरजेला जाणं तिला या वर्षीही जमणार नाही. काही दुपारी अन्नपूर्णा येऊन बसते तेव्हा शरदिनी घाटावर जाते. कधी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाते, कधी वरच थांबते. परत यायची वेळ झाली की पाय जड होतात, हे ती कुणाला सांगत नाही. पण परत येते.

परवा संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. वरून काठीचा आवाज आला नाही, हाक आली. "शरू." ती गेली.

"खिडकी," मोहनराव म्हणाले.

खिडकी उघडीच होती. तिने ती लावली. त्यांनी मान हलवली. तिने परत उघडली. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि जोर लावून म्हणाले, "खिडकी... मोठी. गोड."

तिला कळलं नाही. कदाचित पाणी, कदाचित उसाचा रस, कदाचित आदित्य. तिच्या तोंडाशी तिन्ही शब्द आले आणि तिने ते गिळले. पिठाचे हात पदराला पुसून ती खाटेवर बसली.

"कसली खिडकी?" ती म्हणाली. "सांगा."

आणि ते सांगायला लागले.